गुणपत्रिकेबाहेरची परीक्षा

२०२४ च्या प्रारंभी 'एक्स्प्रेस' नावाच्या एका सॉफ्टवेअर प्रकल्पाची देखभाल करणाऱ्या मंडळींपुढे एक चमत्कारिक पेच उभा राहिला. संकेतस्थळांच्या पडद्यामागे राबणारे हे सॉफ्टवेअर २०१० पासून जगभर वापरले जाते. त्याचा सोर्स कोड कोणासही वाचण्यास, वापरण्यास आणि त्यात सुधारणा सुचवण्यास खुला आहे. या प्रकल्पाकडे अचानक सूचनांचा लोंढा येऊ लागला. त्या उघडून पाहता असे दिसले की, बहुतेकांत सुधारणा अशी काही नव्हतीच. प्रकल्पाची ओळख करून देणाऱ्या पहिल्याच पानावर कोणी आपले नाव घातले होते, कोणी एखादी निरर्थक ओळ जोडली होती. पाठवणाऱ्यांत भारतीय विद्यार्थ्यांचा भरणा मोठा होता. एका लोकप्रिय शिकवणीच्या चित्रफितीत प्रात्यक्षिकासाठी हाच प्रकल्प उदाहरण म्हणून घेतला गेला होता. पाहणाऱ्यांनी शिक्षकाने केले ते जसेच्या तसे करून दाखवले, एवढेच.

हा प्रकार हसण्यावारी नेता येईल; परंतु त्यामागे जे आहे ते हसण्याजोगे नाही. ही मुले लबाड नव्हती. मुक्त स्रोत सॉफ्टवेअरमध्ये 'योगदान' दिल्याची एक नोंद नावावर असली की नोकरीच्या बाजारात भाव येतो, असे त्यांना कोणीतरी सांगितले होते. ती नोंद मिळवण्याचा सर्वांत आखूड रस्ता त्यांनी धरला. आखूड रस्ता धरण्याची ही विद्या त्यांना संगणकाने शिकवलेली नाही. ती त्यांनी आपल्या शाळा-महाविद्यालयांतच आत्मसात केली आहे, आणि तिचा हिशेब मांडण्याची वेळ आता आली आहे.

बीडसारख्या जिल्ह्यातील विद्यार्थ्याच्या दृष्टीने तर हा प्रश्न अधिकच जिव्हाळ्याचा आहे. ज्या जिल्ह्याच्या मुख्य शहरात रेल्वे येण्यास २०२५ साल उजाडावे लागले आणि ज्या जिल्ह्यातून दर वर्षी दसरा-दिवाळीच्या सुमारास लाखो माणसे कोयता घेऊन ऊसतोडीसाठी बाहेर पडतात, तेथील मुलाला पुण्या-मुंबईच्या कचेऱ्यांत ओळखीचे माणूस सहसा नसते. मुक्त स्रोताचे जग हे त्याच्यासाठी असलेल्या मोजक्या उघड्या दारांपैकी एक आहे. त्या दाराशी गाव विचारले जात नाही, आडनाव विचारले जात नाही, महाविद्यालयाचा दर्जाही विचारला जात नाही. पाठवलेला बदल योग्य आहे काय आणि तो का केला, एवढेच विचारले जाते. असे दार उगाचच ठोठावले जाऊ लागले, तर आतली माणसे एक दिवस कडी लावून घेतील. आणि त्या दिवशी खरोखरीचे काम घेऊन आलेला केजचा किंवा गेवराईचा विद्यार्थीही बाहेरच उभा राहील.

इर्जिकीचा न्याय

मुक्त स्रोत ही कल्पना मराठवाड्यातील शेतकऱ्याला परकी वाटण्याचे कारण नाही. एखाद्याची नांगरट मागे पडली की गावातील बैलजोड्या एके दिवशी त्याच्या रानात उतरत. मजुरी कोणी मागत नसे. ज्याचे रान तो जेवण घाली. यालाच इर्जिक म्हणत. आज बैलजोड्या कमी झाल्या, तसा हा रिवाजही विरळ झाला. परंतु त्यामागचा न्याय साधा होता. आज तुझ्या रानात, उद्या माझ्या. मात्र इर्जिकीला जाणारा माणूस आपला नांगर घेऊन जाई. नुसताच बांधावर उभा राहून हजेरी लावणाऱ्याला पंगतीत मान नसे.

संगणकाच्या क्षेत्रात या इर्जिकीला आधुनिक रूप मिळाले ते गेल्या चाळीस वर्षांत. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ मध्ये 'ग्नू' प्रकल्पाची घोषणा केली आणि सॉफ्टवेअर वापरण्याचे, अभ्यासण्याचे, बदलण्याचे व इतरांना देण्याचे स्वातंत्र्य वापरणाऱ्याला असले पाहिजे, असा आग्रह धरला. १९९१ च्या ऑगस्टमध्ये हेलसिंकी विद्यापीठातील लिनस टोरवाल्ड्स या एकवीस वर्षांच्या विद्यार्थ्याने आपण एक संगणक-प्रणाली लिहीत असल्याचे जाहीर केले. हा आपला छंद आहे, त्यातून मोठे काही निघणार नाही, असे सांगून त्याने लोकांकडे सूचना मागितल्या. त्या छंदातून लिनक्स उभे राहिले. आज भारतीयांच्या खिशातील बहुसंख्य मोबाइल फोन ज्या अँड्रॉइड प्रणालीवर चालतात, तिच्या गाभ्याशी हेच लिनक्स आहे.

यातील कामाची रीतही समजून घेण्यासारखी आहे. प्रकल्पाची मूळ प्रत एका ठिकाणी असते. ज्याला बदल सुचवायचा आहे तो आपली स्वतंत्र प्रत काढतो, तीत बदल करतो, तो तपासून पाहतो आणि हा बदल मूळ प्रतीत घ्यावा अशी विनंती पाठवतो. विद्यार्थी हिलाच 'पुल रिक्वेस्ट' म्हणतात. देखभाल करणारा ती विनंती वाचतो, शंका विचारतो, चुका दाखवतो, कधी नाकारतो, कधी पुन्हा लिहून आणण्यास सांगतो. आणि समाधान झाले म्हणजेच ती स्वीकारतो. टोरवाल्ड्स यांनीच २००५ मध्ये तयार केलेल्या 'गिट' या साधनामुळे कोणती ओळ कोणी, केव्हा व कोणते कारण देऊन बदलली, याची नोंद कायम राहते. हा सारा व्यवहार बहुधा उघड्यावर चालतो. दहा वर्षांपूर्वी कोणाचा कोणाशी कशावरून वाद झाला, हेही कोणी नवखा आज वाचू शकतो.

उतरवलेली जर्नले

आता या रीतीशेजारी आपल्या महाविद्यालयांतील रीत ठेवून पाहावी. प्रात्यक्षिकाचे जर्नल बहुधा मागच्या वर्षीच्या विद्यार्थ्याच्या जर्नलावरून उतरवले जाते. शिक्षकालाही ते ठाऊक असते. वेळेत सही होणे महत्त्वाचे. शेवटच्या वर्षाचा प्रकल्प तयार करून देणारी दुकाने शहरोशहरी आहेत, आणि त्यांचे गिऱ्हाईक कोण हे गुपित नाही. परीक्षेची उत्तरपत्रिका एकदा गेली की ती विद्यार्थ्याकडे सहसा परत येत नाही. गुण तेवढे येतात. चौदापैकी सात गुण मिळाले तर उरलेले सात कोठे गेले, उत्तरात काय चुकले, कसे लिहिले असते तर बरोबर झाले असते, हे त्याला कोणी सांगत नाही. छायाप्रत मागवावी तर त्यासाठी शुल्क भरावे लागते, आणि ती मागवली जाते ती गुण वाढतात का हे पाहण्यासाठी, शिकण्यासाठी नव्हे.

थोडक्यात, आपल्या परीक्षेत गुण मिळतात, पण दुरुस्ती मिळत नाही. मुक्त स्रोताच्या कामात दुरुस्ती मिळते, पण गुण मिळत नाहीत. पहिल्या योगदानाचा सारा अर्थ या एका फरकात साठवलेला आहे. ज्या मुलाने सोळा वर्षे केवळ गुणांसाठी काम केले, त्याला कोणी अनोळखी माणूस लिहून कळवतो की, तुझा बदल या कारणासाठी चालणार नाही, अमुक ठिकाणी पाहा आणि पुन्हा प्रयत्न कर, तेव्हा तो प्रथम खट्टू होतो. आपण नापास झालो असे त्याला वाटते. वस्तुतः त्याच क्षणी त्याचे शिक्षण सुरू झालेले असते. त्याचे काम कोणीतरी मन लावून वाचले, त्यातील उणीव नेमकी दाखवली आणि ती भरून काढण्याची संधी दिली. हा अनुभव कित्येक पदवीधरांना संपूर्ण विद्यार्थिदशेत एकदाही आलेला नसतो.

'एक्स्प्रेस'च्या दारात गर्दी करणाऱ्या मुलांनी काय केले? गुणांची सवय ते तेथे घेऊन गेले. नावावर नोंद झाली की काम झाले, ही ती सवय. याला केवळ विद्यार्थी कारणीभूत आहेत असे म्हणणेही अन्यायाचे होईल. 'हॅक्टोबरफेस्ट' या उपक्रमात २०१४ पासून ऑक्टोबर महिन्यात ठरावीक संख्येने बदल पाठवणाऱ्यास टी-शर्ट देण्याची प्रथा होती. २०२० मध्ये निरर्थक बदलांचा असा मारा झाला की, ऐन महिन्याच्या आरंभीच संयोजकांना नियम बदलावे लागले, आणि ज्या प्रकल्पांची संमती आहे त्यांनाच या उपक्रमात धरले जाऊ लागले. संख्या मोजून बक्षीस ठेवले की माणसे संख्याच पुरवतात. हा दोष संयोजकांचा, शिकवणीवाल्यांचा आणि नोकरीसाठी अशा नोंदी मोजणाऱ्यांचाही आहे.

एकनाथांची ताकीद

देखभाल करणारे लोक इतके काटेकोर का असतात, त्यांच्या बोलण्यात कधी कधी रुक्षपणा का येतो, हे कळण्यासाठी फार दूर जावयास नको. बीड जिल्ह्याच्या उत्तर सीमेवरून गोदावरी वाहते; तिच्याच काठी वरच्या अंगाला पैठण आहे. १२९० मध्ये सिद्ध झालेल्या ज्ञानेश्वरीच्या नकला सुमारे तीनशे वर्षे होत राहिल्या. नकलाकारांच्या हातून शब्द बदलले, ओळी गळाल्या, आणि कित्येक उत्साही भाविकांनी आपल्याही ओव्या मध्ये घातल्या. एकनाथांनी निरनिराळ्या प्रती मिळवून, त्या पडताळून, शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध केली. आणि यापुढे कोणी आपली ओवी तीत घुसडू नये, अशी स्पष्ट ताकीदही देऊन ठेवली. ज्यांनी ओव्या घातल्या त्यांचा हेतू वाईट होता असे नाही. परंतु सामायिक ग्रंथात आपले नाव किंवा आपली ओळ असावी, हा मोह ग्रंथाला घातक ठरतो, हे एकनाथांनी ओळखले होते. मुक्त स्रोत प्रकल्पाचा देखभालकर्ता आज हेच काम करीत असतो. तो प्रती पडताळतो. आणि नको ती ओवी बाहेर ठेवतो.

हे काम पुष्कळदा एक-दोन माणसे, आपली नोकरी सांभाळून, विनावेतन करतात. त्यात ढिलाई झाली तर काय घडू शकते, याचा धडा २०२४ च्या मार्चमध्ये मिळाला. माहिती आटोपशीर करून ठेवणारे 'एक्सझेड' हे छोटे सॉफ्टवेअर असंख्य लिनक्स संगणकांत असते. मुख्यतः एकच माणूस ते सांभाळत होता आणि थकला होता. एका टोपणनावाच्या व्यक्तीने दोनेक वर्षे उपयुक्त काम करून त्याचा विश्वास संपादन केला, देखभालीचे अधिकार मिळवले आणि मग त्यात एक चोरदरवाजा बसवला. आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला आपल्या संगणकाशी जोडणी होताना नेहमीपेक्षा सुमारे अर्धा सेकंद अधिक लागतो असे दिसले, त्याने त्याचा छडा लावला, आणि मोठा अनर्थ टळला. अर्ध्या सेकंदाचा फरक ज्याला खटकला त्या माणसाने जगभरच्या संगणकांना वाचवले. योगदान याला म्हणतात. तेथे कोणी टी-शर्ट ठेवला नव्हता.

अलीकडे या ओझ्यात आणखी भर पडली आहे. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साधनांकडून लिहून घेतलेले, वरवर विद्वत्तापूर्ण पण आत पोकळ असे अहवाल प्रकल्पांकडे येऊ लागले आहेत. 'कर्ल' या सर्वत्र वापरल्या जाणाऱ्या सॉफ्टवेअरचे जनक डॅनियल स्टेनबर्ग यांनी २०२४ व २०२५ मध्ये याविषयी जाहीर नाराजी व्यक्त केली. यंत्राकडून लिहून घेण्यास मिनिट लागते. ते खोटे आहे हे ठरवण्यास जाणत्या माणसाचे तास जातात. पूर्वी जर्नल मित्राचे उतरवले जाई, आता ते यंत्राचे उतरवले जाते. उतरवण्याची वृत्ती तीच आहे. या साधनांचा वापर करूच नये असे कोणी म्हणणार नाही. परंतु जे आपल्याला समजलेले नाही ते आपल्या नावावर पाठवू नये, हा नियम यंत्र आले म्हणून शिथिल होत नाही.

क्षीरसागर कोठे बसतो?

मग बीडच्या विद्यार्थ्याने पहिले योगदान म्हणून द्यावे तरी काय? आपण मोठ्या कंपन्यांच्या अभियंत्यांपुढे काय दिवे लावणार, अशी त्याची समजूत असते. ही समजूत चुकीची आहे, आणि ती का चुकीची आहे हे एका साध्या उदाहरणावरून दिसेल.

एखाद्या शाळेतील लिपिक संगणकावर हजेरीपट तयार करतो. नावे आडनावांच्या क्रमाने लावण्याची आज्ञा दिली की क्षीरसागर हे आडनाव कधी कधी कुलकर्णी आणि खाडे यांच्या मध्ये येऊन बसते. मराठी वर्णमाला शिकलेला माणूस ते शेवटी शोधतो, कारण ळ, क्ष आणि ज्ञ ही अक्षरे आपल्या शाळेत हकारानंतर शिकवली जातात. संगणकाच्या दृष्टीने मात्र क्ष हे स्वतंत्र अक्षर नाही. ते क, हलन्तचिन्ह आणि ष यांचे मिळून झालेले आहे, म्हणून ते ककारात जाते. युनिकोडच्या तक्त्यात ळ सुद्धा लकाराच्या लगत ठेवलेला आहे. प्रत्येक भाषेचा स्वतःचा अक्षरक्रम सांगणारे नियम वेगळे लिहून ठेवता येतात. पण हातातील सॉफ्टवेअर ते पाळते की नाही, हे तपासणारा कोणी तरी मराठी माणूस असावा लागतो. लिपिक काय करतो? तो निमूटपणे क्षीरसागर उचलून खाली नेतो आणि पुढच्या वर्षी पुन्हा तेच करतो. त्याच गावातील विद्यार्थ्याने ही अडचण नीट पाहिली, ती कोणत्या सॉफ्टवेअरमध्ये, कोणत्या आवृत्तीत, कोणती नावे दिली असता येते हे लिहून काढले, आधी कोणी ती कळवली आहे काय हे शोधले आणि मग प्रकल्पाकडे कळवली, तर ते त्याचे पहिले योगदान होईल. आणि कॅलिफोर्नियातील अभियंत्याला ते कधीच सुचले नसते.

मराठीच्या बाबतीत हे अनेकदा घडले आहे. 'ॲ' या अक्षराला युनिकोडमध्ये स्वतंत्र स्थान मिळाले ते २००८ मध्ये. त्यापूर्वी अ आणि चंद्र यांची जोडणी करावी लागे आणि ती पुष्कळदा पडद्यावर मोडलेली दिसे. आचार्याला दिलेली दक्षिणा आणि आचाऱ्याला दिलेली मजुरी यांतील फरक ज्या एका रकाराच्या रूपावर अवलंबून आहे, ते रूप संगणकात नीट उमटावे यासाठीही मराठीची गरज जाणणाऱ्या माणसांनाच पाठपुरावा करावा लागतो. या शतकाच्या पहिल्या दशकात मुंबईच्या व्हीजेटीआयमधील प्राध्यापक जितेंद्र शहा यांच्यासारख्या मंडळींनी लिनक्स मराठीत आणण्यासाठी खपून काम केले, पुण्यात रेड हॅटमधील अभियंत्यांनी मुक्त देवनागरी अक्षरसंच आणि भाषांतरे सिद्ध केली. आज फायरफॉक्स किंवा लिब्रेऑफिस मराठीत उघडता येते ते अशा कामामुळे. परंतु भाषांतर हे एकदा करून संपणारे काम नाही. प्रत्येक नव्या आवृत्तीबरोबर नवी वाक्ये येतात, आणि ती मराठीत आणणारे हात मोजके असतात.

याच ठिकाणी बीडच्या मुलाचे भाषाज्ञान उपयोगी पडते. 'फाइल'ला धारिका म्हणावे की फाइलच ठेवावे? तहसील कचेरीत धारिका हा शब्द उच्चारून पाहावा म्हणजे उत्तर मिळेल. कचेरीतला लिपिक, शाळेतला शिक्षक आणि बँकेच्या रांगेत उभा असलेला शेतकरी यांना समजेल असा शब्द निवडणे, हे सॉफ्टवेअर लिहिण्याइतकेच बुद्धीचे काम आहे. शिवाय जुना संगणक, अपुरी स्मृती आणि अधूनमधून तुटणारे इंटरनेट यांवर एखादे सॉफ्टवेअर चालते की नाही, हे सांगण्याचा अधिकार ज्याच्याकडे तसा संगणक आहे त्यालाच आहे. ज्याला आपण आपले उणेपण समजतो, ते त्या दाराशी गेल्यावर आपले साक्षीपण ठरते.

इंग्रजीची भीती हा आणखी एक अडसर सांगितला जातो. त्यात तथ्य आहे. पण तो वाटतो तेवढा उंच नाही. अडचण कळवणारा चांगला अहवाल हा कचेरीतील चांगल्या टिप्पणीसारखा असतो. विषय, संदर्भ, काय केले, काय व्हावयास हवे होते, प्रत्यक्षात काय झाले आणि सोबत पुरावा, एवढ्यात तो संपतो. त्याला अलंकारिक भाषा लागत नाही. वीस वर्षे टिप्पण्या लिहिलेला अव्वल कारकून या बाबतीत संगणक पदवीधराचा गुरू होऊ शकेल.

फुकटची वेठ?

येथे एक आक्षेप निघेल, आणि तो दुर्लक्षण्याजोगा नाही. मुक्त स्रोत सॉफ्टवेअरचा लाभ आज अब्जावधी डॉलरच्या कंपन्या घेतात. ज्या मुलाचे आईबाप फडात ऊस तोडतात, त्याने अशा कंपन्यांसाठी फुकट का राबावे? इर्जिकीत सारे शेतकरी तोलामोलाचे होते. येथे एका बाजूला दोन एकरांचा धनी आणि दुसऱ्या बाजूला जगाचा सावकार आहे. ही वेठबिगारीच नव्हे काय?

आक्षेपातील अर्धा भाग खरा आहे. ज्या कंपन्या या कामावर नफा मिळवतात, त्यांनी त्याचा मोबदला देखभाल करणाऱ्यांपर्यंत पोहोचवला पाहिजे. 'एक्सझेड'च्या प्रकरणानंतर ही मागणी अधिक जोराने होत आहे, आणि ती रास्त आहे. ज्या विद्यार्थ्याला सुटीत चार पैसे मिळवून घरी द्यावे लागतात त्याच्यावर मुक्त स्रोताची सक्ती करणे हेही अन्यायाचे होईल. परंतु म्हणून हे काम करूच नये, हा निष्कर्ष त्यातून निघत नाही. विद्यार्थ्याने लिनक्स वापरले, पायथन ही भाषा शिकली, तिची पुस्तिका वाचली, आणि त्यासाठी एक पैही मोजली नाही. इर्जिकीचे जेवण त्याने आधीच जेवून घेतले आहे. मराठीसाठी त्याने केलेले काम तर प्रथम त्याच्याच गावातल्या माणसाच्या उपयोगी पडते. आणि कोणते काम करावे, कोणते करू नये, हे ठरवण्याचे स्वातंत्र्य त्याच्याकडे असते. वेठीस धरलेल्या माणसाकडे ते नसते.

महाविद्यालयांनी काय करावे

मोबदला देऊन विद्यार्थ्यांकडून असे काम करून घेण्याचे उदाहरण महाराष्ट्रातच आहे. मुंबईच्या आयआयटीत केंद्र सरकारच्या साहाय्याने चालणाऱ्या 'फॉसी' प्रकल्पाने एक सोपी युक्ती काढली. अभियांत्रिकीच्या प्रचलित पाठ्यपुस्तकांतील सोडवलेली उदाहरणे विद्यार्थ्यांनी 'सायलॅब' या मुक्त सॉफ्टवेअरमध्ये लिहून द्यावी, ती तपासली जावी, सर्वांसाठी खुली व्हावी आणि विद्यार्थ्याला मानधन मिळावे. गणित ओळखीचे, पुस्तक हाताशी, आणि उत्तर बरोबर आले की नाही हे पुस्तकावरूनच कळते. नवख्याला याहून चांगला आरंभ कोणता? त्याच संस्थेच्या 'स्पोकन ट्युटोरियल' या उपक्रमात मुक्त सॉफ्टवेअरचे छोटे छोटे पाठ मराठीसह अनेक भारतीय भाषांत उपलब्ध आहेत. केरळने तर शालेय संगणक शिक्षणातच मुक्त सॉफ्टवेअर स्वीकारले. आणि मल्याळम भाषेसाठी सॉफ्टवेअर लिहिणाऱ्या स्वयंसेवकांची मोठी फळी तेथे उभी राहिली.

अंबाजोगाई, बीड, परळी येथील महाविद्यालयांना यासाठी इमारत लागणार नाही, की अनुदानाची वाट पाहावी लागणार नाही. राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानुसार पदवी अभ्यासक्रमांत प्रत्यक्ष कामाला आता श्रेयांक देता येतात. ते मुक्त स्रोताच्या कामालाही द्यावेत. मात्र ते बदलांच्या संख्येवर देऊ नयेत. तसे केले तर 'एक्स्प्रेस'च्या दारातील गर्दीच विद्यापीठाच्या शिक्क्यानिशी पुन्हा जमेल. ते पत्रव्यवहारावर द्यावेत. विद्यार्थ्याने कोणती अडचण निवडली, ती कशी पारखली, देखभालकर्त्याने कोणते आक्षेप घेतले आणि विद्यार्थ्याने त्यांना काय उत्तर दिले, हे शिक्षकाने वाचावे. बदल नाकारला गेला तरी उत्तरे प्रामाणिक व अभ्यासपूर्ण असतील तर पूर्ण गुण द्यावेत. चांगल्या कारणाने नाकारला गेलेला एक बदल हा उतरवलेल्या दहा जर्नलांपेक्षा मोलाचा आहे, हे एकदा महाविद्यालयानेच मान्य केले की विद्यार्थ्यालाही ते पटेल.

शिक्षकांनी आणखी एक गोष्ट करावी. वर्षातून निदान एकदा आपलाही बदल एखाद्या प्रकल्पाकडे पाठवावा, आणि त्यावर आलेले आक्षेप वर्गात वाचून दाखवावेत. शिक्षकाची चूक परक्याने दाखवली आणि शिक्षकाने ती आनंदाने दुरुस्त केली, हे दृश्य ज्या वर्गाने पाहिले त्या वर्गाला चुकीची भीती पुन्हा तितकीशी वाटणार नाही. दुरुस्ती म्हणजे अपमान, ही आपल्या शिक्षणातील जुनी समजूत आहे. ती एखाद्या परिपत्रकाने जाणार नाही. ती अशा उदाहरणानेच जाईल.

बीड जिल्ह्यातील एखाद्या खोलीत रात्री एखादा विद्यार्थी आपला पहिला बदल पाठवण्यास बसलेला असेल. पाठवण्याचे बटण दाबण्यापूर्वी त्याने स्वतःला तीन प्रश्न विचारावेत. हे सॉफ्टवेअर आपण खरोखर वापरले आहे काय? हा बदल कोणाची अडचण दूर करतो? आणि उद्या कोणी याचे कारण विचारले तर ते आपल्याला सांगता येईल काय? तिन्हींची उत्तरे होकारार्थी असतील, तर त्याने संकोच न करता पाठवावा. तो स्वीकारला गेला तर क्षीरसागर हजेरीपटात आपल्या जागी बसेल आणि लिपिकाचे दर वर्षीचे काम वाचेल. नाकारला गेला, तर का नाकारला हे लिहून येईल. त्याच्या आजवरच्या कोणत्याही गुणपत्रिकेने त्याला एवढे सांगितलेले नाही.